‘घरचे सगळे’ ग्रुप : आईबाबांचं घर कुठं घ्यायचं?

रविवार

[७:४१] बंडू : फुलांचे फोटो यायच्या आधी एक विचारतो. त्या रात्रीला आज महिना झाला. संक्रांतीपर्यंत आईबाबांच्या घराचं नक्की करायचं ठरलं होतं. कोणी काही पाहिलं का? की मी एकट्यानेच पुण्यातून बघत बसायचं?

[७:४९] आत्या पुसद : शुभ सकाळ 🌹 पुसद पाहा. माह्या घरामागच्या लेआऊटमंधी दोन प्लॉट खाली हायत.

[७:५०] काका : पयले पाण्याचं पाहा.

[७:५३] बाबा : ‘लेआऊटमध्ये’.

[७:५४] आत्या पुसद : दादा, मी तुह्या घराचं बोलून राह्यली न् तू माह्यं व्याकरण तपासून राह्यला.

[७:५८] बंडू : काका, पाण्याचं बघूच. पण रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडी दारात यायलाच पाऊण तास गेला. मग यवतमाळ, तिथून सावंगीचं हॉस्पिटल. रस्त्यातच उजाडलं. ते पुन्हा नको.

[८:०१] काका : गाडी कोणाची होती?

[८:०२] बंडू : तुमचीच. कोण नाही म्हणतंय?

[८:०२] काका : नाही, विचारलं आपलं.

[८:०४] पिंट्या : गाडी मी लग्नाले नेली होती 🙏 वरात सोडून आलो राजेहो. अजून किती दिवस ऐकवान.

[८:१०] मी : पिंट्या, तुला कोणी काही म्हणत नाही. बंडू, मी अमरावतीत तीन घरं पाहिली. साईनगरकडचं चांगलं होतं, पण २५ लाखांत बसत नाही. बडनेरा रोडचं बसतं, पण दुसरा मजला आहे आणि आईचे गुडघे तुला माहीत आहेत. पाणी सिंभोऱ्याचं, म्हणजे अप्पर वर्धा धरणाचं. काका, हे तुमच्यासाठी.

[८:११] काका : 👍 पण रोज येते का?

[८:१२] मी : आमच्याकडे एक दिवस आड.

[८:१२] काका : बघा.

[८:२०] वहिनी पुणे : मी बोलू का? आमच्या सोसायटीत वन बीएचके भाड्याने आहे. आई-बाबा जवळ राहतील. हॉस्पिटल पाच मिनिटांवर. लिफ्ट आहे.

[८:२६] आत्या पुसद : मागच्या वेळी माही वहिनी, बंडूची आई, तीन महिने राह्यली होती नं तुमच्याकडे. अकराव्या मजल्यावर. आली तं म्हणे, खिडकीतून पाह्यलं की दुसऱ्याची खिडकी.

[८:२७] वहिनी पुणे : मी फक्त सुचवलं आत्या. आग्रह नाही.

[८:२९] मी : वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तेव्हा खूप केलंत हे आई सगळ्यांना सांगते.

[८:३०] वहिनी पुणे : हो ना, सगळ्यांना सांगतात. मला सोडून 🙂

[८:४१] अहो : एक पर्याय मांडतो. आमच्या आत्तेभावाचं दर्यापूरला घर विकणं आहे. तीन खोल्या, अंगण, १४ लाख. बजेटमध्ये अगदी आरामात.

[८:४३] काका : जवाईबापू, राग नका येऊ देऊ. ते १४ लाखाले काहून भेटून राह्यलं ते इचारलं का? तो खारपाणपट्टा हाय. पूर्णेचं खोरं. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा तेवढा पट्टा खारा. बोअर मारली की खारं पाणी, डाळ शिजत नाही. नळाच्या योजनेचं आलं तं आलं, नाही तं कॅन. बाबाले आधीच बीपी. मीठ बंद हाय न् पाणी खारं प्याचं का?

[८:४४] पिंट्या : सोपं हाय, भाजीत मीठ टाकाचंच नाही 😂

[८:४६] अहो : मी फक्त माहिती दिली.

[८:४६] वहिनी पुणे : या ग्रुपवर सगळे फक्त माहितीच देतात भावोजी.

[८:५५] बंडू : विषयावर येऊ. माझ्या मते वर्धा. सावंगीचं हॉस्पिटल, सेवाग्रामचं कस्तुरबा, दोन्ही हाकेच्या अंतरावर. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन स्टेशनं मिळून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही लाइनी. मला पुण्याहून थेट गाडीने येता येईल. नागपूर दीड तासावर.

[८:५७] पिंट्या : पण वर्ध्यात दारूबंदी हाय. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागली न् २०२१ मध्ये उठली. वर्ध्याची काही उठत नाही. आम्ही भेटायले कसं याचं?

[८:५८] काका : तू येऊच नको.

[९:०३] बाबा : सेवाग्रामविषयी एक सांगतो. गांधीजी १९३६ साली तेथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. पत्रे बुलडाण्याच्या शेगावला जात, म्हणून नाव बदलले. नई तालीमचा विचार वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. आमच्या डी.एड.ला हा धडा होता.

[९:०४] मी : म्हणजे बाबा, वर्धा चालेल?

[९:१५] आत्या पुसद : बाबा काही बोलून नाही राह्यले म्हणजे त्यांचं मन नाही. पुसद पाहा. चारही बाजूनं डोंगर, पूस नदी, वर धरण. थंड हवा. वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, दोन मुख्यमंत्री दिले आमच्या पुसदनं.

[९:१६] पिंट्या : दोन मुख्यमंत्री दिले, एक रेल्वे नाही आणता आली.

[९:१७] आत्या पुसद : येऊन राह्यली! वर्धा-नांदेड. पुसदवरूनच जाते.

[९:१९] बंडू : आत्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती वर्ध्याहून कळंबपर्यंत सुरू झाली. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, मग तुम्ही. बाबांचं वय ७१ आहे.

[९:२०] आत्या पुसद : असं अभद्र नको बोलू सकाळी सकाळी.

[९:२२] काका : आपली शकुंतला रेल्वे होती तवा तिकीट काढलं की दुपारपर्यंत पोहोचतच होतो. उतरून पायी चाललं तरी डब्यासंगच राह्यचो. तेही बंद झाली. गाड्याचा भरोसा नका धरू. पाण्याचं पाहा.

[९:२४] बंडू : काका, पाणी पाणी हे पाचव्यांदा आलं. स्पष्टच बोलतो. घर घ्यायचं तर बाबांच्या वाट्याचे चार एकर विकावे लागतील, ही अडचण आहे का?

(या मेसेजनंतर अठरा मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. पिंट्यानं एक मेसेज टाकून काढून टाकला.)

[९:४२] काका : ते चार एकर नऊ वर्षं म्या वाहिले. दरवर्षी तूर, हरभरा, गहू पोत्यानं पुण्याले कोण पाठवते? कापसाचा हिशेब बाबाच्या वहीत लिवला हाय, एक रुपया इकडचा तिकडं नाही. इकाचं तं इका. माह्या तोंडून ‘नको’ आलं का एकदा तरी? २०१८ च्या उन्हाळ्यात पिंट्या यवतमाळले शिकत होता. निळोणा न् चापडोह दोन्ही धरणं आटले. मी इथून ड्रम भरून नेत होतो पोराले आंघोळीसाठी. ते पाह्यलं म्हणून पाणी म्हणतो.

[९:४३] पिंट्या : खरं हाय. घरमालकीण चार बादल्या मोजून द्यायची.

[९:४५] बाबा : जमीन विकण्याचा प्रश्न येथे कोणी काढू नये. माझे निवृत्तीचे पैसे बँकेत आहेत. बंडू, काकांची माफी माग. ‘पाचव्यांदा’ हेही चूक आहे. मी मोजले, चौथ्यांदा होते.

[९:४७] बंडू : चुकलं काका. महिनाभर झोप नाही. लांब बसून नुसता फोन वाजायची भीती वाटते.

[९:४८] काका : समजते बे. जेवला का?

[९:५६] आत्या पुसद : त्या प्लॉटवाल्याले काय सांगू मग? म्हणते, एनए (बिनशेती) नाही पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाय, लगेच नावावर करून देतो.

[९:५८] अहो : आत्या, मी बँकेच्या कर्ज विभागात आहे म्हणून सांगतो. नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. मालकीचा कागद नाही. सातबारा, एनएचा आदेश, मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. आणि कुठंही घेतलं तरी आईंच्या नावानं घ्या. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, २०२१ पासून.

[९:५९] मी : आज पहिल्यांदा ‘फक्त माहिती’ कामाची आली 😄

[१०:००] पिंट्या : जवाईबापू, माह्या आईच्या नावावरही एक पाहा.

[१०:०८] आईचा फोन : 🎤 व्हॉइस मेसेज (१:१२)

[१०:११] वहिनी पुणे : आवाज नीट नाही येत, कोणी लिहून सांगा ना.

[१०:१६] मी : लिहिते. आई म्हणते : मले कोणी इचारलंच नाही. घर इकत घेऊ नका. पयले उन्हाळाभर भाड्यानं राहून पाहू. एप्रिल-मे कसा जाते ते कळन. कूलरले किती पाणी लागते, नळ किती वाजता येते, शेजारीण बोलते का कुलूप लावून बसते. वर्ध्याले सेवाग्राम रोडवर माह्या मावसबहिणीची पोरगी राह्यते, तिच्या गल्लीत वरची नाही, खालची खोली पाहा. गावचं घर उघडंच राहू द्या, दिवाळीले सारे कुठं याल? न् पुसदच्या बाईले सांगा, मी येतो तुह्याकडे आठ दिवस, पण राहाले नाही येत.

[१०:१७] आत्या पुसद : ‘पुसदच्या बाईले’ 😡

[१०:१८] आत्या पुसद : वहिनी, आठ दिवस नाही, पंधरा.

[१०:२१] बंडू : आई, सावंगीकडे विद्यार्थ्यांमुळे भाडी चढली आहेत म्हणतात.

[१०:२२] मी : ती सेवाग्राम रोड म्हणतेय. ऐकून तर घे.

[१०:२३] वहिनी पुणे : भाडं आम्ही देऊ. हे सुचवणं नाही, सांगणं आहे.

[१०:३०] बाबा : भाडे मी देईन. मला निवृत्तिवेतन मिळते.

[१०:३१] मी : बाबा, म्हणजे वर्धा नक्की?

[१०:३४] बाबा : जवळ वाचनालय आहे का ते पाहावे.

[१०:३५] पिंट्या : झालं! वर्धा फायनल. परतवाड्याचं माह्या मनात होतं खरं. सातपुड्याचा पायथा, वर चिखलदरा, न् जानेवारीत बहिरमच्या यात्रेत हंडीचं मटण.

[१०:३६] काका : याले घर नाही, मटण पाह्यजे.

[१०:४४] काका : बुधवारी जाऊ पाहाले. मंगळवारी बाजार हाय. गाडी माही, पिंट्या चालवन. त्या मावसबहिणीच्या पोरीले इचारा, तिच्या गल्लीत नळ किती वाजता येते. त्याच वख्ताले पोहोचू. घरमालक सांगन ते खरं नसते, बादली भराले किती वेळ लागते ते डोळ्यानं पाहू.

[१०:५२] मी : विचारलं. सकाळी साडेसहाला येतो, सात-सव्वासातपर्यंत.

[१०:५३] पिंट्या : म्हणजे इथून तीनले निघाचं?? थंडीत??

[१०:५३] काका : हाव.

[१०:५५] आईचा फोन : 🎤 व्हॉइस मेसेज (०:०९)

[१०:५६] मी : आई म्हणते, मी बी येतो. दशम्या न् ठेचा बांधून घेतो. बादली घरचीच घ्या, तिथं कोणाले मागत बसता.

[१०:५८] बाबा : बंडू, तू बुधवारी रजा काढू नकोस. फोन चालू ठेव.

[११:०२] आत्या पुसद : शुभ दुपार 🌹 प्लॉट गेला बरं का तो. वर्ध्यावाल्याइनं काही इचारलं नाही म्हणून दुसऱ्यानं घेतला.

[११:०३] बाबा : ‘विचारले’.