मदत हवी आहे: शाळेचा पार्सल टॅक्स आणि दोन-तृतीयांश मतं

नमस्कार मंडळी, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात कुणी शाळेच्या पार्सल टॅक्सच्या (म्हणजे घर-जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर बसणाऱ्या कराच्या) प्रचारात काम केलंय का? आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा जुना कर संपत आलाय. नूतनीकरण मतदानाला टाकायचं म्हणतायत, आणि त्यालाही पुन्हा दोन-तृतीयांश मतं लागणार. म्हणजे शंभरातल्या ६६ जणांनी हो म्हटलं तरी पडलंच! १९७८ मध्ये राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन १३ ची कृपा.

शेजारी म्हणतात, "५५ टक्के पुरे." माझ्या माहितीप्रमाणे ती सवलत २००० च्या प्रॉपोझिशन ३९ ने फक्त शाळेच्या इमारतींच्या बाँडला (कर्जरोख्यांना) दिली. त्या पैशातून छप्पर दुरुस्त होतं, शिक्षकांचा पगार निघत नाही. आम्हाला हवेत ते पगाराचेच पैसे.

नागरिकांनी सह्या गोळा करून प्रस्ताव आणला तर साधं बहुमत चालतं, असे कोर्टाचे निकाल आहेत. २०१७ च्या अपलँड शहराविरुद्धच्या खटल्यापासून ही वाट निघाली. शाळेच्या करासाठी कुणी ती धरलीय का? वकिलाचा खर्च साधारण किती येतो?

अडचण आपल्याच लोकांची. एच-१बी आणि ग्रीनकार्डवाले घराचा कर निमूट भरतात, पण मत देता येत नाही. त्यांना प्रचारात कुठलं काम द्यावं?

आणखी एक. घर सासूबाई आणि नवऱ्याच्या नावावर आहे, त्या ६५ च्या पुढच्या, राहतात आमच्यासोबतच. या करात ज्येष्ठांची सूट मिळेल का? अर्ज दरवर्षी करावा लागतो की एकदाच? स्वतः फॉर्म भरलेल्यांनीच सांगा, प्लीज.