परडं तयार करायचंय, शिवरात्रीच्या आत काय काय उरकू? (वडगाव, बेळगाव)

परडेवाली | ५ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. दिवाळीत आम्ही वडगावात राहायला आलो, मिस्टरांचं जुनं घर आहे, मागं परडं असेल साधारण १२ बाय २० फूट. सासूबाई होत्या तोवर तिथं सगळं पिकायचं म्हणे, आता नुसती तांबडी माती आणि दगडगोटे, एका कोपऱ्यात आंबा आणि भिंतीला लागून मोगऱ्याची दोन म्हातारी झुडपं. मी साताऱ्याकडची, काळ्या मातीची सवय, ही माती तर पाणी घातलं की दहा मिनिटांत पिऊन मोकळी. यूट्यूबवर बघून संक्रांतीला भेंडी लावली, वीस बियांतल्या तीन उगवल्या आणि त्यासुद्धा दोन पानांवर रुसून बसल्यात.

तर विचारायचं असं की भेंडी परत कधी लावू, मातीचं काय करू, मोगरा दोन वर्षं फुललेला नाही तो काढून टाकू का, आणि आंब्याला भरपूर मोहोर आलाय तर त्याला पाणी वाढवू का? उन्हाळ्यात भेंडी, चवळी, काकडी, दोडका एवढं घरचं मिळालं तरी पुष्कळ. खर्च बेताचा. रासायनिक शक्यतो नको, पण अगदी सोवळं पण नाही.

कडोलीचा दादा | ५ फेब्रुवारी

ताई भेंडीचं वाईट वाटून घेऊ नका, त्यात तुमची काय चूक नाही. आपल्याकडं जानेवारीत रात्रीचा पारा १४-१५ वर असतोय, जमीन गार, भेंडीचं बी उष्णतेचं, गार वल्ल्या मातीत ते उगवायच्या आधी कुजतंय. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपण म्हणतो, आमच्या शेजारचे कन्नड बोलणारे पण त्यांच्या भाषेत हेच म्हणतात, म्हणजे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असेल बहुतेक. तर थांबा की जरा. तोवर माती करा. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यावर कोरडं करून लावा, एक फुटावर एक, जागेला दोन बिया. आठवड्यात उगवणार बघा.

गच्चीवाली अनगोळ | ५ फेब्रुवारी

मी सगळं ग्रो बॅगमध्ये करते. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड, झालं काम. खणायला नको, दगड नको, मुळं खाणारी हुमणी नको. तुम्ही पण तेच करा, जमिनीच्या नादी कशाला लागताय?

कडोलीचा दादा | ५ फेब्रुवारी

अहो अक्का त्यांना १२ बाय २० ची जागा हाय आणि तुम्ही पिशव्या घ्या म्हणताय? विहिरीजवळ बसून बिसलरी पिल्यासारखं झालं की ओ.

तांबडी माती | ६ फेब्रुवारी

दोघांचंही बरोबर आहे, पण मातीवर जरा नीट बोलूया कारण खरं दुखणं तिथंच आहे. बेळगाव शहर आणि पश्चिमेकडं खानापूर, जांबोटी ही बाजू जांभ्याची. पावसाळ्यात इतकं पाणी पडतं की मातीतला चुना धुऊन जातो, म्हणून ही माती बहुतेक ठिकाणी आंबट असते आणि घातलेलं खत पुरतं लागू पडत नाही. पूर्वेला गोकाक, अथणी, बैलहोंगलकडं गेलात की काळी माती, तिथला हिशोब सगळा उलटा, तिथल्या कुणी जिप्सम वगैरे सांगितलं तर ते ऐकून इथं टाकू नका.

दगड वेचून वीतभर खोल खणा आणि ढेकळं चार दिवस उन्हात तशीच पडू देत. मग चुनखडीची भुकटी, एका चौरस मीटरला दोन मुठी, मातीत मिसळून एक पाणी द्या. कळीचा चुना नव्हे हं, तो भाजतो. आणि चुनखडी व शेणखत एकाच दिवशी घालायचं नाही, शेणखतातला नत्र वायू होऊन उडून जातो, मध्ये पंधरा दिवस सोडा. आता चुनखडी घातलीत की शिवरात्रीच्या सुमारास शेणखत, असं वेळापत्रक आपोआप जमतंय. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं बघून घ्या, अख्ख्या परड्याला आठ-दहा घमेली लागतील. ताजं शेण कुणी फुकट दिलं तरी नको, त्यात हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी येतं, माझ्या मेव्हण्यानं एकदा ट्रॉलीभर आणलं आणि पुढची दोन वर्षं हरळीच उपटत बसला. चुलीची राख असेल तर चुनखडी कमी करा, राखही तेच काम करते. माती तपासून घ्यायची असेल तर शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करा, अंदाजानं चुना टाकण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

पाणी पिऊन टाकते त्यावर उपाय म्हणजे वरचं पांघरूण. भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट तीन-चार बोटं जाड पसरा. उघडी तांबडी माती एप्रिलात तव्यासारखी तापते.

निपाणीची अक्का | ६ फेब्रुवारी

मोगरा काढू नका गं बाई!!! जुना मोगरा म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा, थोडं लक्ष दिलं की बोलायला लागतो. मोगऱ्याला फूल येतं ते नवीन फुटव्यावर, आणि दोन वर्षं कुणी कात्री लावली नसणार. आठ दिवस पाणी तोड. मग गुडघ्याच्या थोडं खाली छाटून टाक, घाबरू नको, वाळकं आणि आतल्या आत गुंतलेलं मुळापासून काढ, राहिलेली पानं पण हातानं ओरबाड. मग आळं करून दोन घमेली शेणखत आणि मूठभर शेंगदाणा पेंड घाल आणि भरपूर पाणी दे. पाडव्याच्या पुढंमागं कळ्या धरतात. फक्त ऊन किती मिळतं ते सांग, पाच-सहा तास तरी पाहिजे, सावलीतला मोगरा नुसता पाला देतो.

खानापूर रोड | ६ फेब्रुवारी

आंब्याला आत्ता पाणी अजिबात नको. मोहोरात पाणी वाढवलं की झाड पालवी काढायच्या मागं लागतं आणि मोहोर गळतो. फळं वाटाण्याएवढी झाली की मग सुरू करा, तेही खोडाशी नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेनं. मोहोरावर पांढरी पिठासारखी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. तुडतुडे असतील, म्हणजे झाडाखाली उभं राहिलं की टक टक उडतात आणि पानं चिकट होतात, तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि चिमटीभर साबण. पण फुलं पूर्ण उमलली असतील तर काहीच मारू नका, माश्या मेल्या तर फळ कोण धरवणार? आणि गंधक व तेल पाठोपाठ मारायचं नाही, मध्ये १५ दिवस, नाहीतर पानं करपतात. हे मी स्वतःच्या झाडावर करून बघितलेलं आहे, मुद्दाम नाही.

परडेवाली | १० फेब्रुवारी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल मोगरा छाटला, अक्का तुम्ही सांगितलं म्हणून छाटला नाहीतर हिंमत नव्हती, मिस्टर बघून म्हणाले हे काय केलंस. ऊन दुपारी दोनपर्यंत असतं. चुनखडी पण घातली. आंब्याला हात लावलेला नाही. बी घेऊन आले, दुकानदार कन्नडच बोलत होते, मी मराठीत सांगितलं, त्यांना कळलं, पाकिटं सगळी कन्नडमधली आहेत आणि मला एक अक्षर येत नाही, पण चारही वेगळी दिसतात. टोमॅटोची रोपं घेऊ का म्हणून विचारायचं राहिलं. आणि पाणी आमच्याकडं रोज येत नाही, बोअरचं आहे ते जड, कुंडीवर पांढरा थर बसतो.

तांबडी माती | १०  फेब्रुवारी

टोमॅटो आत्ता नको. उन्हं वाढली की पांढरी माशी येते आणि पानं आकसून झाड बसतं. हौसच असेल तर बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या बागायती संशोधन संस्थेची अर्का रक्षक जात बघा, ती त्या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण संकरित आहे, तिचं बी धरून पुढच्या वर्षी लावायचं नाही. भेंडीत त्यांचीच अर्का अनामिका चांगली, ती साधी जात आहे, दोन शेंगा झाडावर वाळवून बी धरता येतं. बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं, लेकरांच्या हातात देऊ नका आणि उरलेलं आमटीत टाकू नका.

खानापूर रोड | ११ फेब्रुवारी

पाण्याला आमच्या गावाकडचा उपाय. खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली, कुंभारकामाची केंद्र सरकारची संस्थासुद्धा इथं आहे. साधं न रंगवलेलं मडकं घ्या, काकडी-दोडक्याच्या आळ्यात मधोमध गळ्यापर्यंत पुरा, भोवती चार बिया, मडकं भरून वर झाकण. मडकं पाझरत राहतं आणि मुळं आपणहून तिकडं जातात. दोन-तीन दिवसांनी भरलं तरी चालतं. माठ जुना झाला, पाणी गार करत नाही म्हणून फेकू नका पण, त्याची भोकं बुजलेली असतात, तो इथंही पाझरणार नाही.

धारवाडची लेक | १ मार्च

उशिरा वाचलं. परडेवाली ताई, पाकिटावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घेतलंत का? बेंडेकाय म्हणजे भेंडी, सौतेकाय काकडी, हिरेकाय दोडका, हागलकाय कारलं, सोरेकाय दुधी. एवढं सरळ आहे. पण आमच्या उत्तर कर्नाटकात चवळीकाय म्हणजे गवार. आपल्या चवळीला अलसंदी म्हणतात. तुम्ही चवळी मागितली असेल तर त्यांनी गवार दिली असणार, आणि त्यांच्या परीनं त्यांनी बरोबरच दिलं.

परडेवाली | १ मार्च

अगं बाई. थांबा, बघून सांगते.

परडेवाली | १ मार्च

शेजारच्या काकींकडून वाचून घेतलं. चवळीकायच आहे. आठ दिवसांपूर्वी पूर्ण ओळ लावली, वर वेल चढायला बांबू आणि सुतळीचा मांडव पण केला, मिस्टरांचा अख्खा रविवार गेला त्यात.

कडोलीचा दादा | १ मार्च

बी बघून कळलं नाही का ओ ताई? चवळीचं बी केवढं, गवारीचं मिरीपेक्षा बारीक, राखाडी 😂 असू द्या, गवार सरळ वर जातीय, मांडवाला हात पण लावणार नाही. पण ह्या मातीत ती बिनतक्रार येते, पाणी पण कमी मागते.

परडेवाली | २ एप्रिल

परवा पाडवा झाला म्हणून अपडेट. भेंडी १८ पैकी १६ उगवल्या, फुलं दिसायला लागलीत. एका मडक्यात काकडी जोरात आहे, दुसरं मडकं खाली चिरलेलं निघालं, सगळं पाणी एकदम जायचं, तिथला दोडका गेला. मेथी टाकली होती ती उन्हानं तुऱ्यावर आली, तुम्ही कुणी सांगितलं नव्हतं. आंब्याला कैऱ्या आहेत पण अर्ध्याहून जास्त मोहोर झडला, ते नॉर्मल असतं का?

निपाणीच्या अक्का, मोगऱ्यावर पाडव्याच्या आदल्या दिवशी अकरा कळ्या होत्या. गुढीच्या गाठीबरोबर छोटा गजरा बांधला, आणि सासूबाईंच्या फोटोला दोन फुलं.

खानापूर रोड | २ एप्रिल

नॉर्मल आहे. मोहोरातली बहुतेक फुलं नुसती नर असतात, ती झडायचीच. आता पाणी सुरू करा.

निपाणीची अक्का | २ एप्रिल

बघ, म्हटलं होतं ना बोलायला लागतो म्हणून! बहर संपला की पावसाच्या तोंडाला त्याचीच दोन कलमं कर, एक मला ठेव.

धारवाडची लेक | ३ एप्रिल

आणि मांडवाचं काय केलंत?

परडेवाली | ३ एप्रिल

गवार खाली उभी आहे मुकाट. मांडवावर शेजारच्या काकींचा भोपळा भिंतीवरून आलाय, त्यांनी विचारलं पण नाही.