विक्रोळी घडवली कुणी: जमीन घेणाऱ्याने की पत्रा वाकवणाऱ्याने?

घाटकोपरी: गोदरेजचा विक्रोळीचा कारखाना म्हणजे एका माणसाची दूरदृष्टी. १९४३ साली मालक पिरोजशा गोदरेज यांनी लिलावात जमीन घेतली, म्हणून पुढे कपाटं, टाइपरायटर, वसाहत, शाळा. नाहीतर आज तिथे नुसत्या झोपड्या असत्या. कामगार काय, कुठेही मिळतात.

पत्रेवाला: शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. कुठेही मिळतात? १८९७ ला पिरोजशांचे थोरले भाऊ अर्देशीर लालबागला कुलपं करायला लागले, स्टीलची कपाटं १९२३ पासून. म्हणजे विक्रोळीची जमीन नावावर व्हायच्या २० वर्षं आधी पत्रा वाकवणारे हात तयार होते. आता १९५१ घ्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या १२ लाखांहून जास्त मतपेट्या विक्रोळीत झाल्या. पेटीमागे दर ५ रुपये, त्यात बाहेरचं कुलूप परवडेना. आतल्या आत बसणारं कुलूप सुचलं ते शॉप फ्लोअरवरच्या नथालाल पांचाळांना. हे डोकं कुठल्या लिलावात मिळालं, सांगा.

घाटकोपरी: आणि पांचाळांचं नाव तुम्हाला कळलं कसं? कंपनीनेच जुनी कागदपत्रं आणि कामगारांच्या आठवणी जपल्या म्हणून. बाकी गिरण्यांनी काय जपलं?

विहीणबाई: कपाटांवरून आठवलं. माझ्या लग्नात सासरच्यांना ‘गोदरेजचंच’ हवं होतं. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं. दुकानदाराने गावातल्याच वर्कशॉपातलं कपाट बिल्ला ठोकून गळ्यात मारलं. सासूबाई मरेपर्यंत पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होत्या, मी गप्प.

नाना_ठाणे: असल्या नकला मी स्वतः केल्यात, तरुणपणी वर्कशॉपात. गेज हलकं, म्हणजे पत्रा पातळ, वर हॅमरटोन, म्हणजे ठोकल्यासारखा खडबडीत दिसणारा रंग मारला की गिऱ्हाईक खूश. पण दार वर्षभरात लोंबायचंच.

विहीणबाई: आमचं अजून लोंबलं नाही हो. तुमचा हात वाईट असेल.

नाना_ठाणे: ताई, पुराचं पाणी लागलंय का त्याला? मग बोला.

कन्नमवारनगर: इथे हुंड्यात बाप कर्जात बुडाल्याची गोष्ट चाललीय आणि तुम्ही गेज मोजताय? लाज वाटू द्या.

नाना_ठाणे: गेज मोजूनच पोट भरलं. लाज कर्ज काढायला लावणाऱ्यांना विचारा.

पत्रेवाला: धागा कारखान्यावर होता. माझे वडील तिथेच पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. घर, शाळा मिळाली, नाकारत नाही. पण टाइपरायटर १९५५ ला सुरू होऊन २००९ ला बंद झाला, त्यावर अश्रू ढाळणारे लेख शेकड्याने. ते जुळवणाऱ्यांवर किती?

घाटकोपरी: बरं, ‘कुठेही मिळतात’ मागे घेतो. खूश? विक्रोळीच्या खाडीकाठच्या तिवरांचं श्रेय तरी मालकांना द्याल की तेही पांचाळांनीच लावली?

पत्रेवाला: तिवरं वाचली ती त्यांच्यामुळेच, दिलं श्रेय. फ्रेम करून लावा.

विहीणबाई: नाना, कपाटाच्या आतल्या लॉकरची किल्ली हरवलीय. तुमच्या ओळखीत कुणी उघडून देणारं आहे का?