ओरेगॉनच्या वाटेवर घोडे की बैल?

सिन्नरकर: लेकीचा शाळेचा प्रकल्प आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत मिसुरीहून पश्चिमेला ओरेगॉनला वस्ती करायला गेलेले गाड्यांचे तांडे, सुमारे ३,२०० किलोमीटर, पाच-सहा महिने. सिनेमात घोडे दिसतात, पुस्तकात बैल. खरं काय?

निफाडचा सुतार: बैलच जास्त, दादा. स्वस्त, आणि वाटेतल्या गवतावर तग धरणारे. माणसं बहुतेक पायीच. गाडीला स्प्रिंग नाही, आत पीठ-मीठ-बेकन (खारवलेलं डुकराचं मांस) खच्चून भरलेलं. मला खरी गंमत वाटली चाकांची. कोरड्या हवेत लाकूड आकसायचं, लोखंडी धाव सैल व्हायची. मग पाचरी ठोका, नाहीतर चाकं नदीत भिजत घाला. आमचे आजोबा चैत्रात हेच करायचे, गोदावरीत, रात्रभर. सकाळी आजी विचारायची, गाडी कुठाय?

पंचवटीकर: आणि सरपण?

निफाडचा सुतार: वाटेतल्या प्लॅट नदीकाठी झाडं कमी. बायसनचं, म्हणजे तिथल्या रानगव्यासारख्या जनावराचं, वाळलेलं शेण गोळा करायचे. आयत्या गोवऱ्या, थापायची कटकट नाही!

सिन्नरकर: लेक विचारतेय, मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात किती मेले?

निफाडचा सुतार: त्याहून कितीतरी जास्त कॉलऱ्यानं. दूषित पाणी, दुसरं काय.