‘सिस्मिक मॉनिटरिंग’ : कानोसा घ्यायचा की वाजवून पाहायचं?

नॉर्वेच्या स्लाइपनर प्रकल्पाबद्दल मराठीत लिहितेय. उत्तर समुद्राच्या तळाखाली, उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात (वाळूच्या सच्छिद्र दगडात), १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड साठवण्यासाठी सोडतात आणि तो कुठवर पसरला ते ध्वनिलहरींनी तपासतात. या ‘सिस्मिक मॉनिटरिंग’ला ‘भूकंपीय सर्वेक्षण’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, तिथे भूकंप झाला. ‘कानोसा’ चालेल का?

प्रतिसाद : ‘भूकंपीय’ नकोच, पटलं. पण कानोसाही इथे बसत नाही. कानोसा घेणारा स्वतः गप्प असतो. रात्री कडी वाजल्यासारखी वाटली की आपण श्वास रोखून दाराशी उभे राहतो, तो कानोसा. स्लाइपनरला जहाज एअरगनने, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या यंत्राने, पाण्यात दणका देतं आणि मागे ओढलेल्या लांबलचक केबलमधले हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) खालून परतलेला आवाज टिपतात. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो, तडा असला तर बद्द वाजतो, तसं हे. म्हणून ‘वाजवून पाहणे’.

आणि एकदाच वाजवून भागत नाही. वायू सोडण्याआधी, १९९४ मध्ये, एकदा वाजवून ठेवलं होतं. मग १९९९ पासून पुन्हापुन्हा. दगडाच्या छिद्रांतलं खारं पाणी हटून तिथे कार्बन डायऑक्साइड आला की लहरी मंदावतात, प्रतिध्वनी ठसठशीत होतो. १९९९ च्या चित्रात असे नऊ थर दिसले, शेलच्या (चिखलापासून बनलेल्या घट्ट दगडाच्या) पातळ पापुद्र्यांखाली अडकलेले. १९९४ च्या चित्रात त्यांचा मागमूस नव्हता. तेव्हा ‘पुनःपुन्हा’ हा भाग शब्दात यायलाच हवा.

मूळ प्रश्नकर्ती : पटलं. आणि ‘स्टोरेज’ला ‘साठवण’? टाकी डोळ्यांसमोर येते, खाली तर पोकळी नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’मधलं ‘जिरवणे’ घेऊ?

प्रतिसाद : छिद्राछिद्रांत शिरण्यासाठी नेमका शब्द. पण जिरलेल्या पाण्याचा हिशोब कोणी मागत नाही. इथे सगळा खटाटोप हिशोबासाठीच आहे, वायू होता तिथेच आहे ना यासाठी. क्रियेला ‘जिरवणे’ वापरा, मथळ्यात ‘साठवण’ राहू द्या.

कानोसा मात्र टाकून देऊ नका. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटर इथे २०११ ते २०१४ दरम्यान सुमारे दहा लाख टन वायू जमिनीखाली सोडला, तेव्हा खडकात होणारी बारीक थरथर विहिरींत बसवलेली यंत्रं नुसती ऐकत होती. तो खरा कानोसा.