कंसांची उंची आणि साइनची अक्षरं

अपूर्णांकाभोवतीचे कंस बुटके का राहतात, हा प्रश्न लाटेक (आज्ञा टाइप करून गणिती मजकूर छपाईसाठी मांडणारी संगणकप्रणाली) नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांना पडतो. साधा कंस टाइप केला की तो एकाच उंचीचा उमटतो. आत काय आहे हे तो पाहत नाही. उघडत्या कंसाआधी उलटी तिरकी रेघ देऊन 'लेफ्ट' लिहा आणि मिटत्या कंसाआधी तसंच 'राइट'. मग कंस आतल्या मजकुराइतका वाढतो. ही जोडी तोडता येत नाही. एकाच बाजूला कंस हवा असेल, तर दुसऱ्या बाजूच्या आज्ञेनंतर कंसाऐवजी टिंब द्या, तिथे काहीच छापलं जाणार नाही. बेरजेच्या सिग्माला खाली-वर मर्यादा असतील तर मात्र असा कंस फारच उंच होतो. तिथे मी 'बिग' घराण्यातल्या आज्ञा वापरून उंची स्वतः ठरवते.

त्रिकोणमितीतल्या साइनचंही (sin) बघा. नुसती तीन अक्षरं लिहिली तर लाटेक ती तीन चलांचा गुणाकार समजतं आणि तिरकी छापतं. आधी उलटी तिरकी रेघ दिली की अक्षरं सरळ येतात, पुढचं अंतरही नीट पडतं. कॉस, लॉग यांचंही तेच.

हे बारकावे किरकोळ नाहीत. आपल्याच पुस्तकाची नवी मुद्रितं डोळ्यांना खुपली, म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७७ साली टेकचं, म्हणजे लाटेक ज्यावर उभं आहे त्या मूळ प्रणालीचं, काम हाती घेतलं होतं.

आणि संकलनात (इंटिग्रलमध्ये) शेवटच्या डीएक्सआधी उलटी रेघ व स्वल्पविराम देऊन बारीक फट सोडा, समीकरण लगेच सुटसुटीत दिसतं.