मदत हवी आहे: पात्राची भीती बघणाऱ्यांना आश्चर्यासारखी वाटते

ब्लेंडर या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमधल्या थ्रीडी पात्राचा घाबरलेला चेहरा आवाजाविना दाखवला की बहुतेकांना ते चकित झालेलं वाटतं. दोन्ही भावांत भुवया उंचावतात, डोळे विस्फारतात, त्यामुळे ही गल्लत नेहमीचीच. म्हणून भीतीचे वेगळे शेप की (कमी-जास्त करता येणारे चेहऱ्याचे साठवलेले आकार) जोडले, एयूनुसार (एयू म्हणजे चेहऱ्याच्या एकेका हालचालीला दिलेला क्रमांक): भुवया जवळ ओढणारा एयू ४, खालची पापणी ताणणारा ७, ओठ आडवे ताणणारा २०. पण ४ वाढवला की राग दिसतो आणि २० वाढवला की, ओठांचे कोपरे वर न नेताही, हसू. जबडा कमी उघडूनही फरक नाही.

डोळे शैलीनुसार मोठेच ठेवायचेत, कपाळावर सुरकुत्या नाहीत, कॅमेरा समोर स्थिर, शॉट २४ फ्रेमचा. रिग (पात्र हलवणारा सांगाडा) बदलता येणार नाही.

अशा चेहऱ्यात १+२ च्या (भुवया उंचावणाऱ्या एयूंच्या) तुलनेत ४ किती ठेवावा? की आधी भाव उमटण्याचा वेग आणि नजरेची दिशा बदलून पाहावी?